बिनचामड्याची फटफटी

निपाणीच्या बाजारात अजून कुणी कुणी आमच्या ह्यांस्नी 'फटफट्या' म्हणतंय. म्हणणाऱ्याला वाटतंय लई मोठी गंमत केली. मी समोर दिसले की तोंड बंद होतंय, ती गोष्ट येगळी. गंमत करायची तर आधी समदं ऐकून घ्या आणि मग खुशाल करा. नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय न्हाय, तरी तुमच्यासाठी एकदा घेते: आप्पाण्णा. आता परत विचारू नका.

आमचं गाव अक्कोळ, निपाणीपासनं कोस-दीड कोस. घर जैनाचं, शेती तंबाखूची. ह्यांचं शिक्षण चौथीपतोर, पण हात म्हणाल तर बंद पडलेलं घड्याळ ह्यांच्या पुढ्यात ठेवावं आणि आपण भाकरी थापायला बसावं. भाकऱ्या व्हायच्या आत ते टिकटिक करणार. लढाईच्या दिवसांत बेळगावजवळ सांबऱ्याला विमानतळ झाला. तवा धाकट्या दिरावर शेती टाकून हे दोन वर्सं तिथं कामाला होते. नटबोल्ट पुसायला घेतलेला माणूस दुसऱ्या वर्साला इंजनं उघडायला लागला. साहेब नाव घेऊन हाक मारायचा म्हणं. हे त्यांनी सांगितलेलं न्हाय हं, बढाई मारायचा त्यांचा सोभाव न्हाय. ती कसर मी भरून काढते.

लढाई संपली. लष्करानं जुनापाना माल लिलावात काढला. आणि शेचाळीसच्या दिवाळीनंतर दीडएक महिन्यानं एक दिवस मोकळा परतणारा तंबाखूचा ट्रक आमच्या दारात येऊन थांबला. वरनं हे उतरले. मागनं चौघांनी मिळून एक लोखंडी धूड उतरवलं आणि त्याच्या मागोमाग तीन पोती. पोत्यांत इंजनाचे सुटे भाग. अमेरिकेत बनलेली फटफटी होती ती, दोन सिलिंडरची. बसायला ऐसपैस खोगीर, पाय ठेवायला दोन्ही अंगांना फळ्या, गेर बदलायला टाकीजवळ दांडा. आमच्या तालुक्यात असलं काय कुणी बघितलं नव्हतं.

घटकाभरात अख्खं गाव गोळा झालं. "रणगाडा आणलास व्हय रं?" "आता बैल इकणार म्हणा की!" एक ना दोन. हे आपले हसत उभे. मला काय हसू येईना.

"हे कशाला?" मी विचारलं. माझं तोंड तवा काय गोड नव्हतं, खोटं कशाला बोलू.

"आईसाठी," हे म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला. आता माझी सासू कोण, काय, ते सांगितल्याबिगर तुम्हांस्नी ह्यातलं काय कळायचं न्हाय.

सासूचं नाव बाळाबाई. मी त्यांस्नी आत्याबाई म्हणायची. दिवस मावळायच्या आत जेवण, गाळल्याबिगर पाणी न्हाय, कंद न्हाय, मध न्हाय. ते तर आमच्या समद्याच घरांत असतंय. पण आत्याबाईंचा आणखी एक नेम होता. अकरा वर्सांमागं त्या बैलगाडीतनं स्तवनिधीला निघाल्या होत्या, पौषातल्या अवसेच्या यात्रेला. स्तवनिधीचा पार्श्वनाथ म्हंजे आमचं समद्यांचं देवस्थान. तवंदीच्या चढाला पुढच्या गाडीचा बैल गुडघ्यावर बसला. गाडीवानानं त्याची शेपूट पिरगाळली, पराणी टोचली. बैल उठंना. आत्याबाई आपल्या गाडीतनं उतरल्या, बैलाच्या तोंडाला पाणी लावलं आणि तिथंच रस्त्यात हात जोडून म्हणाल्या, आजपासनं बैल जुंपलेल्या गाडीत मी बसणार न्हाय.

तवापासनं त्या चालत जायच्या. जायला दोन तास, यायला दोन तास. नऊ वर्सं गेल्या. मग गुडघे बसले. सर्व्हिस मोटार होती की, पण तिची गादी चामड्याची. चामड्यावर आत्याबाई बसणार? नाव काढू नका. दोन पौष त्या घरातच बसून राहिल्या. त्यात डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. दिवाळीला मला म्हणाल्या, "राजमती, औंदा देव दिसला तर दिसला गं. पुढच्या पौषात मला उजेड तेवढा कळंल." असं म्हणून तांदूळ निवडायला बसल्या. मी आत जाऊन रडले. भांडायला मी पुढं असते, पण त्या बाईचं असलं बोलणं मला सोसायचं न्हाय.

तर ही फटफटी त्यासाठी. हिच्या बाजूला एक गाडी जोडायची, तिसरं चाक लावायचं, त्यात आईला बसवून स्तवनिधीला न्यायचं. बैल न्हाय, शेपूट पिरगाळणं न्हाय. डोक्यात समदं तयार होतं.

आत्याबाई उंबऱ्यात आल्या. डोळे बारीक करून खोगिराकडं बघितलं, वास घेतला. "ते चामडं सोप्यात यायचं न्हाय," म्हणाल्या आणि आत गेल्या.

ह्यांनी चाकू काढला. तिथंच अंगणात खोगिराची शिवण उसवून कातडं काढलं आणि चांभाराकडं पोचवलं. मग बाकीची झडती सुरू झाली. हत्यारांच्या पिशवीला चामड्याचा पट्टा, काढला. हवा भरायच्या पंपात चामड्याची चकती, काढली. तिच्या जागी ट्यूबच्या रबराची कापून बसवली. डब्यातलं वंगण कशाचं हाय ते कळंना, चरबी असली तर? ते फेकून एरंडेल आणलं. खोगिराला जाड किंतान, आत काथ्या आणि आमच्या परड्यातला कापूस. भरमू लोहार म्हणाला, दोऱ्याला मेण लाव, शिवण टिकंल. हे म्हणाले, मेण मधमाशीचं, मेण नको. टाकीवर पिवळी रेघ ओढायची तर कुंचल्याला जनावराचे केस! मग कडुनिंबाची काडी चावून ह्यांनी तिच्यानं रेघ ओढली. अहो, अशी सरळ आली की भरमू बोट लावून बघत होता.

दीड महिना आमच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या परातीत बेअरिंगा, माझ्या सुपात नटबोल्ट. मी तोंड सोडलं की हे म्हणायचे, "एवढा एक जोड बसू दे." इंजन जुळलं. कुपनावर मिळालेल्या थेंबभर पेट्रोलवर ते पहिल्यांदा धडधडलं तवा शेजारच्या आक्का ताट घेऊन पळाल्या. हँडल भरमूच्या भट्टीत तापवून रुंद वाकवलं, बाजूच्या गाडीचं वजन हाताला पेलायला पाहिजे म्हणून. आणि मोठं काम मागच्या चाकाच्या दात्यांचं. तीन माणसं घेऊन तवंदीचा चढ चढायचा तर मागचं दातेरी चाक मोठं पाहिजे, मग ओढ वाढते. तसलं चाक कुठं मिळणार? ह्यांनी जाड पोलादी पत्रा आणला, त्यावर खडूनं गोल आखला आणि कानशीनं दाते पाडायला बसले. एकेक दाता साखळीत घालून बघायचा, परत घासायचा. बारा दिवस. बोटांची सालटी निघाली. भाताचा घास मी कालवून देत होते.

बाजूच्या गाडीचा सांगाडा लोखंडी, त्यावर लाकडी पेटी, पाठीला टेकायला उतरती फळी, चढायला बुटकी पायरी. लाकूडकाम यल्लाप्पा सुताराचं. यल्लाप्पा म्हंजे बोलणं कमी आणि काम पक्कं. पेटी अशी गुळगुळीत केली की हात फिरवावा तर एक कुसळ लागंना. आत गादी, वर किंतानाचं छप्पर. काळा रंग. आत्याबाई रोज येऊन चाचपून जायच्या. बोलायच्या न्हाईत. पण एकदा मला त्यांनी पायरीची उंची विचारली, तवा मला कळलं की मनानं त्या कवाच बसल्या हाईत.

अवस तीन दिवसांवर आली. यल्लाप्पा शेवटचं बघायला आला. मी त्याला गूळ-पाणी घेऊन बाहेर आले. त्यानं पेटीवर दणकन बुक्की मारली आणि खुशीत म्हणाला, "अण्णा, हत्ती बसवा हत्ती! सांधा उसवायचा न्हाय. असला तसला सरस न्हाय, म्हशीच्या कातड्याचा हाय. आदल्या दिवशी भिजत घालून कढवलाय."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

सरस! सुताराकडची ती लाकूड चिकटवायची तपकिरी वडी आम्ही जन्मभर बघत आलो. ती कशाची असते हे ना मी कधी विचारलं ना ह्यांनी. दोऱ्याला मेण नको म्हणणारा माणूस, वंगणाचा वास घेणारा माणूस, आणि आईच्या अंगाखालची अख्खी पेटी म्हशीच्या कातड्यानं चिकटवलेली! यल्लाप्पाची काय चूक? त्याच्या बापानं, आज्यानं त्याच वडीनं सांधे जोडले. तो बिचारा आपल्या कामाची तारीफ करत होता.

यल्लाप्पा गेला. आत्याबाई आत जप करत होत्या. मी ह्यांच्याजवळ गेले. आता माझं ऐका, मी लपवत न्हाय. मी म्हणाले, "गप बसा. वाळला की सरस आणि लाकूड एकच. आत्याबाईंस्नी कोण सांगतंय? तीन दिवस राहिलेत. त्यांस्नी एकदा देव दिसू दे. पाप लागलं तर मला लागंल."

मनापासनं म्हणाले मी. आजसुद्धा मला त्याची लाज वाटत न्हाय.

हे पायरीवर बसले होते. पेटीच्या सांध्यावरनं बोट फिरवलं. मग म्हणाले, "आतापतोर चूक होती गं. आता बोललो न्हाय तर लबाडी. आईला धड दिसत न्हाय, म्हणून ती माझ्या भरवशावर बसणार. आणि मीच?"

उठले आणि आत गेले. मी दाराशी. ह्यांनी आईच्या पुढ्यात बसून समदं सांगितलं. आत्याबाईंच्या हातातली माळ थांबली. मला वाटलं, संपलं आता. ह्या माणसाचा दीड महिना पाण्यात, आणि आत्याबाईंचा देव राहिला तो राहिला.

"मग आता रं?" आत्याबाई म्हणाल्या.

"नवी पेटी करतो. सरस न लावता. तीन दिवस हाईत."

"व्हईल?"

"ठाऊक न्हाय. झाली तर बसशील?"

"तू चामडं न्हाय म्हण. मी बसते. मला दुसरं काय दिसतंय?"

एवढंच झालं. आत्याबाईंनी माळ पुढं ओढली.

पेटी सांगाड्यावरनं उतरवून हे मागं परड्यात घेऊन गेले. सांधे सोडवायला गरम पाणी ओतलं तर कातड्याचा असा वास सुटला की मला पदर नाकाला लावावा लागला. फळ्यांत सरस मुरलेला. त्या परत वापरायला हे तयार न्हाईत. नवं वाळलेलं सागवान तीन दिवसांत आणायचं कुठनं? निपाणीत जाऊन आले, समदं ओलं. ओलं लाकूड उन्हात वाकणार. हे भिंतीला टेकून उभे राहिले. तसा चेहरा मी लग्नात बी बघितला नव्हता, आणि लग्नात हे भ्यालेले होते.

मी आत गेले. माझ्या माहेरची पेटी होती. सदलग्याहून लग्नात आलेली, जुन्या सागवानाची, कोपऱ्याला पितळेच्या पट्ट्या. आतली लुगडी मी चटईवर टाकली आणि पेटी ओढत सोप्यात आणली.

"ही मोडा," म्हटलं.

"राजमती, ही तुझ्या आईनं..."

"माझ्या आईनं दिली, माझ्या सासूला देते. तुमचं काय जातंय? मोडा म्हणते न्हवं!"

यल्लाप्पाला बोलावलं. येताना तो कसनुसा झालेला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं. दारातच थांबला. "अण्णा, मला म्हाईत असतं तर मी..."

"तुला कशाला म्हाईत असणार? म्हाईत मला पाहिजे होतं," हे म्हणाले. "ये, बस. ही पेटी कशानं जोडलीया ते सांग."

यल्लाप्पानं माझी पेटी उलटीपालटी केली, सांध्यांत नख घातलं, नाक लावलं. "खुंट्या हाईत, अण्णा. चिवारीच्या, बारीक बांबूच्या. सरस न्हाय. ह्या जुन्या माणसानं लाकडात लाकूड अडकवलंय." मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी आलं बघा. "त्याला जमलं तर मला का जमू न्हये?"

दोन दिवस दिवस उगवायला यल्लाप्पा यायचा. बांबू चिरून खुंट्या करायचा, तव्यावर भाजून घट्ट करायचा. हे भोकं पाडायचे. भरमूनं कोपऱ्यांस्नी लोखंडी पट्ट्या ठोकून दिल्या. दिवस कलला की आत्याबाई आतनं म्हणायच्या, "आप्पा, जेव आधी," आणि हे हात धुऊन यायचे, कारण सूर्य काय कुणासाठी थांबत न्हाय. दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी सांगाड्यावर चढली. रंग द्यायला वेळ नव्हता. सागवान तसंच, पितळेच्या पट्ट्या तशाच. हे एकटे आत बसले, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून हिसके दिले. कुईकुई झालं, पण सांधा हलला न्हाय. यल्लाप्पानं डोक्याचा पटका सोडून तोंड पुसलं.

अवसेच्या सकाळी आत्याबाई पांढरं लुगडं नेसून बाहेर आल्या. पायरीशी थांबल्या. "आप्पा, चामडं?"

"न्हाय."

"बरं." आणि चढल्या. एका हातानं मला धरलं, एका हातानं कठडा, गुडघा उचलला आणि बसल्या. मी ह्यांच्या मागं. गावातल्या बाया दारात. पोरंटोरं वेशीपतोर पळाली.

निपाणी मागं पडली आणि तवंदीचा चढ लागला. दोन्ही अंगांनी यात्रेच्या बैलगाड्या. हे गेर उतरवत गेले. इंजन तापलं, एरंडेलाचा वास सुटला. अर्ध्या चढाला चाल अशी मंदावली की चालणारा माणूस पुढं जाईल. मनात म्हटलं, देवा, बारा दिवस घासलेल्या दात्यांची लाज राख. साखळी कर्रकर्र करत होती, पण दाता सोडत नव्हती. पेटी करकरत होती. आत्याबाई कठड्याला धरून, ओठ हलत होते, णमोकार चाललेला. आणि चढ संपला. संपला, बाई! मी ह्यांच्या पाठीत आनंदानं गुद्दा घातला, भर रस्त्यात, शेकडो माणसांपुढं. ठेवा नावं.

देवळात आत्याबाईंस्नी मी धरून पुढं नेलं. मूर्तीच्या अगदी जवळ. त्यांनी मान तिरकी केली, जिथनं डोळ्याला थोडं दिसायचं तिथनं बघितलं. लई वेळ बघितलं. मागं लोकांची दाटी, पुजारी पुढं चला म्हणतोय. मी म्हटलं, "थांबा जरा! ह्या कशा आल्यात ते ठाऊक हाय का तुम्हांस्नी?" पुजारी बाजूला सरकला. आत्याबाईंचं तोंड ओलं झालेलं. "दिसला गं," एवढंच म्हणाल्या. ह्यांनी मागं उभं राहून हात जोडले होते, सालटी निघालेले हात.

परतताना निपाणी जवळ आली. बाजाराच्या गर्दीत घुसायला नको म्हणून हे बाहेरच्या रस्त्याला वळायला लागले. तवर आत्याबाईंनी पेटीवर हात आपटला.

"थांब. इकडनं कुठं? पेठेतनं ने."

"आई, गर्दी हाय. गाडी हळू न्यावी लागंल, तुला दगदग..."

"पेठेतनं ने म्हणते."

वळवली. बाजारचा दिवस. तंबाखूचे व्यापारी गादीवरनं उठून बघायला लागले, हमाल पोती टाकून उभे राहिले. कुणी म्हणालं, "कुणाची म्हातारी रं ही?" आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला, पाठ फळीला न टेकता ताठ बसल्या. मग मान ह्यांच्याकडं वळवली.

"हळू रं आप्पा, हळू. मला धड दिसत न्हाय, पण लोकांस्नी तरी दिसू दे, माझ्या लेकानं काय केलंय ते."

ह्यांनी आणखी एक गेर उतरवला.